धुकं, दलदल आणि ओरॅकल सोडलेला माणूस

गवती_चहा

आधीच सांगून टाकतो, हा घिबलीवाला मियाझाकी नव्हे. तो हायाओ, ॲनिमेशनवाला. हा हिदेताका, गेमवाला. आडनाव सोडलं तर दोघांचा काही संबंध नाही. मागे एका धाग्यात मी नुसतंच ‘मियाझाकी’ लिहिलं आणि पुढचे तीस प्रतिसाद हायाओच्या सिनेमातल्या टोटोरो या प्राण्याच्या पोटावर गेले, म्हणून ही पाटी आधीच लावतोय.

निमित्त म्हणजे ऑफिसच्या ग्रुपवर परवा आलेला फॉरवर्ड. ‘एकोणतिसाव्या वर्षी त्याने ओरॅकल सोडली. आज तो कंपनीचा अध्यक्ष आहे. तुम्ही कशाची वाट बघताय?’ खाली उगवता सूर्य. (ओरॅकल म्हणजे डेटाबेसवाली अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनी.) आमच्या मॅनेजरनेही त्याला अंगठा दिला, हे विशेष. गोष्ट खोटी नाही, पण पोळी ठेवून पुरण काढून घ्यावं तशी सांगितली आहे. तर पुरण इथे वाढतो.

मियाझाकी शिझुओकाचा. घरची परिस्थिती बेताची. पुस्तकं विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून पोरगं वाचनालयातून मिळेल ते आणायचं. त्यात इंग्रजी फँटसीची पुस्तकंही असायची आणि त्यातलं बरंचसं डोक्यावरून जायचं. मग जिथे मजकूर कळला नाही तिथे चित्रं बघायची आणि मधली गोष्ट स्वतःच रचायची. हे त्यानेच मुलाखतीत सांगितलंय. वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो, कारण मी मराठी माध्यमाचा. सातवीत तालुक्याच्या वाचनालयातून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकात सारखा ‘मूर’ हा शब्द यायचा. म्हणजे माळरान, हे कळायला कॉलेज उजाडलं. तोवर मी मोर समजून अख्खं पुस्तक संपवलं होतं. धुक्यात मोर फिरतायत आणि त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही! नायकाचं नावही आता आठवत नाही, मोर मात्र लख्ख आठवतात.

घरी व्हिडिओ गेमला बंदी होती, ती पार कॉलेजपर्यंत. टोकियोच्या केइओ विद्यापीठात सामाजिक शास्त्रं शिकला, मग ओरॅकल. तीही बहिणीच्या कॉलेजच्या फीला हातभार म्हणून. मग एका मित्राच्या सांगण्यावरून ‘इको’ हा २००१ सालचा गेम खेळला. डोक्यावर शिंगं असलेला एक मुलगा, एक मुलगी आणि एक ओसाड किल्ला. मुलीची भाषा मुलाला कळत नाही. तिचा हात धरायला बटण दाबूनच ठेवायचं, सोडलं की हात सुटला. बस, इतकंच. हे खेळून झाल्यावर साहेबांना डेटाबेस गोड लागेना.

२००४ साली तो फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीत लागला. अनुभव शून्य, वय २९, पगार आधीपेक्षा बराच कमी. त्याला घ्यायला तयार होतील अशा कंपन्याच मोजक्या होत्या. गंमत म्हणजे ही कंपनी १९८६ साली सुरू झाली ती ऑफिसात लागणारी सॉफ्टवेअर बनवायला. पहिला गेम, ‘किंग्ज फील्ड’, १९९४चा. मियाझाकीला आल्या आल्या ‘आर्मर्ड कोअर’ या यंत्रमानवांच्या मालिकेवर जुंपलं आणि पुढे तिचे दोन गेम त्याने दिग्दर्शित केले. ते मी खेळलेलो नाही, त्यामुळे पुढे जातो.

कंपनीत एक फँटसी गेम अडकून पडला होता, ‘डीमन्स सोल्स’. तो बुडीत खात्यात गेलाय असंच सगळे धरून चालले होते. मियाझाकीचा हिशेब सरळ होता. हा आपल्या हाती आला तर आपल्याला हवं ते करता येईल, आणि पडला तरी कुणी बोलणार नाही, कारण तो पडलेलाच आहे. नापास पोराला आणखी नापास कोण करणार! फॉरवर्डमध्ये हे असायला हवं होतं. नोकरी काय, बरेच जण सोडतात. दुसऱ्याने टाकून दिलेलं काम मागून घेणारे किती?

२००८च्या टोकियो गेम शोमध्ये लोकांनी नाक मुरडलं. पैसा सोनीचा, आणि सोनीच्याच शुहेई योशिदांनी तो तास-दोन तास खेळून टुकार ठरवला. हे त्यांनी नंतर मोकळेपणाने कबूलही केलंय. फेब्रुवारी २००९ मध्ये तो जपानात आला तेव्हा खप यथातथाच होता. अमेरिकेत तो सोनीने काढलाच नाही, ॲटलसने काढला. मग कानोकानी पसरत गेला.

आता माझा आवडता किस्सा. बर्फ पडून गेल्यावर एका चढावर गाड्या घसरायला लागल्या, त्यात हाही अडकला. तेवढ्यात मागच्या एकाने आपली गाडी पुढच्या गाडीला टेकवली आणि ढकलायला सुरुवात केली. एकेक गाडी अशी वर गेली, याचीही गेली. उतरून आभार मानावेत तर थांबलं की पुन्हा घसरणार. घरी जाताना याच्या डोक्यात एकच प्रश्न, रांगेतला शेवटचा माणूस पोचला असेल का?

‘डीमन्स सोल्स’चं ऑनलाइन हे त्यातून आलं. तुम्ही एकटे खेळता, पण जमिनीवर अनोळखी लोकांनी लिहिलेले संदेश दिसतात. रक्ताच्या डागाला हात लावला की तिथे कोणी कसा मेला ते भुतासारखं दिसतं. बोलता येत नाही, ओळख होत नाही. कोणीतरी इथून गेलंय, एवढंच कळतं.

मग २०११चा ‘डार्क सोल्स’. त्यातला एकच क्षण सांगतो. सुरुवातीला फायरलिंक श्राइन नावाचं पडकं देऊळ आहे, तिथे शेकोटी आणि शेजारी एक वैतागलेला शिपाई. तिथून निघून तुम्ही तासन्‌तास वर वर चढत जाता, पूल, मनोरे, रानडुक्कर, गच्चीवरचे राक्षस. औषधाचा शेवटचा घोट उरलाय, परतीचा रस्ता विसरलाय. एका चर्चच्या कोपऱ्यात लिफ्ट दिसते. भीत भीत उभे राहता, ती खाली जाते, जातच राहते, दार उघडतं आणि समोर तीच शेकोटी. तोच वैतागलेला शिपाई. रात्री दोन वाजता मी कंट्रोलर गादीवर ठेवला आणि नुसता बसून राहिलो. गाव सोडून दिवसभर रान तुडवावं आणि आपल्याच परसात निघावं, तसं.

गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. एका अंगठीच्या वर्णनात दोन ओळी, एका पुतळ्याचं तोडलेलं डोकं, बाकी तुमचं तुम्ही जुळवा. लोक म्हणतात गूढ ठेवण्याची ही युक्ती आहे. मला वाटतं हे शिझुओकाचं वाचनालय आहे. त्याने आपल्या सगळ्यांना अर्धं कळणारं पुस्तक हातात दिलंय. मोर आपले आपण घालायचे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मे २०१४ मध्ये कंपनीचा अध्यक्ष, म्हणजे लागल्यापासून दहा वर्षांत. २०१५ला ‘ब्लडबोर्न’, २०१९ला ‘सेकिरो’, २०२२ला ‘एल्डन रिंग’, ज्याच्या जगाचा पूर्वेतिहास ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिनने लिहिला. जून २०२४पर्यंत त्याच्या अडीच कोटी प्रती खपल्या. अध्यक्ष झाल्यावरही माणूस दिग्दर्शन सोडत नाही.

हे गेम अवघड म्हणून प्रसिद्ध आहेत, तेव्हा कोण कुठे अडकलंय ते सांगा.

सांडगी_मिरची

टोटोरोसाठी आले होते. पाटी वाचून हिरमुसले, तरी शेवटपर्यंत वाचलं. गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण मोर फार आवडले. आमच्या घरी ‘डिटेक्टिव्ह’ला बरेच दिवस ‘दिपक टिव’ म्हणत आणि तो कोणीतरी पंजाबी गृहस्थ असावा असा माझा समज होता.

मुक्काम_ओसाका

लेख आवडला. एका गोष्टीची भर घालतो. भारतातून बघताना ‘२९व्या वर्षी नोकरी सोडली’ यात काही वाटत नाही. आपल्याकडे २९ म्हणजे चौथी कंपनी. इथे जपानात तसं नसतं. कॉलेज संपता संपता मुलांची घाऊक भरती होते, १ एप्रिलला सगळे एकसारखे काळे सूट घालून रुजू होतात. याला शिनसोत्सु भरती म्हणतात. ती बस चुकली की मधेच चढणं अवघड. मधल्या भरतीला चूतो साइयो म्हणतात आणि तिथे पहिला प्रश्न असतो, या कामाचा अनुभव किती?

त्यात मियाझाकीची पिढी ही ‘नोकऱ्यांच्या हिमयुगा’तली. १९९० नंतर इथल्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला आणि दहा-बारा वर्षं पदवीधरांना कायमची नोकरी मिळणं मुश्किल झालं. माझ्या ऑफिसात पन्नाशीच्या आसपासचे लोक फार कमी आहेत. का, तर त्या वर्षांत कोणाला घेतलंच नव्हतं. अशा काळात परदेशी कंपनीतली पक्की नोकरी सोडून कमी पगारावर अननुभवी म्हणून लागणं, याला घरच्यांनी काय म्हटलं असेल याची कल्पना करून बघा.

अवांतर: शिझुओका म्हणजे चहाचे मळे. धागाकर्त्याचा आयडी योग्य आहे.

बग_नाही_फीचर

लेख छान वगैरे ठीक आहे, पण कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून बोलतो. दिवसभर क्लायंट मारतो, संध्याकाळी ट्रॅफिक मारतं. रात्री पोरं झोपल्यावर पाऊण तास मिळतो आणि त्यात मी स्वतःचे पैसे देऊन परत मार खायचा? ‘एल्डन रिंग’ घेतला. किल्ल्याच्या दारात तो शिंगवाला म्हातारा मार्गिट. अकरा वेळा मेलो. दोन तासांच्या आत परत केला की स्टीम, म्हणजे गेम विकणारी साइट, पैसे परत देतं. एक तास पन्नास मिनिटांना परत केला. आयुष्यातला सर्वोत्तम व्यवहार.

सोपा मोड दिला तर यांचं काय जातं? ज्यांना मार खायचाय त्यांनी खावा. ‘गिट गुड’ (म्हणजे ‘आधी नीट खेळायला शीक’) म्हणणाऱ्या टोळक्याचा मला भयंकर कंटाळा आहे.

निवांत_नाना

यात नवीन काय आहे म्हणतो मी. आमच्या लहानपणी कॅसेटवाला गेम टीव्हीला जोडायचो. ‘काँट्रा’. तीन जीव, संपले की पहिल्यापासून. सेव्ह नाही, शेकोटी नाही, अंगठीचं वर्णन तर नाहीच नाही. लाइट गेली की विषय संपला. आम्ही त्याचे लेख लिहिले नाहीत एवढंच.

गवती_चहा

@मुक्काम_ओसाका, हिमयुगाचा मुद्दा लेखात हवा होता. धन्यवाद.

@निवांत_नाना, नाना, ‘काँट्रा’ मुळात नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा. तुम्ही लवकर मेलात तर मालकाचा फायदा. इथे तुम्ही मरून काही शिकलात तर गेम बनवणाऱ्याचा फायदा. तरी ‘काँट्रा’ला दंडवत, त्यात वाद नाही.

@बग_नाही_फीचर, तुझा कंटाळा रास्त आहे. पण मार्गिटचं काय होतं ते सांगतो. तो काठी उगारतो, तू घाबरून लोळण घेतोस. तो काठी तशीच वर धरून थांबतो. तुझी लोळण संपते, तू उठतोस आणि तेव्हा तो मारतो. बरोबर? अकराही वेळा हेच झालं असणार. तो तुझ्या घाबरण्यावर टपून बसलाय. काठीकडे न बघता त्याचा हात खाली यायला लागला की लोळायचं. आणि मुख्य म्हणजे तिथे पहिल्याच दिवशी जायची सक्ती नाही. घोड्यावर टांग मार, दक्षिणेला जा, चार गुहा फिर, लेव्हल वाढव, मदतीला आत्मे बोलव, मग ये. सोपा मोड आहे, फक्त मेनूत नाही, नकाशात आहे.

मियाझाकी स्वतः म्हणतो की आपण काही निष्णात खेळाडू नाही, खूप मरतो. त्यामुळे टोळक्याचं बोलणं त्याच्या गळ्यात घालू नये.

पाणपोई

नकाशात सोपा मोड आहे हे अर्धंच खरं. ‘सेकिरो’त कुठे आहे? तिथे मदतीला कोणी नाही, लेव्हल नाही, तलवारीला तलवार लागलीच पाहिजे. माझ्या भावाच्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, त्याला ‘सेकिरो’ कधीच जमणार नाही. तेव्हा बगभाऊंचा मुद्दा असा झटकू नका.

आता माझ्या विषयावर येते. मी चित्रं काढते, म्हणून या माणसाकडे वळले ते मारामारीमुळे नव्हे. ‘डार्क सोल्स’च्या वेळी एका चित्रकाराने मेलेल्या ड्रॅगनचं चित्र आणलं, अळ्या वळवळतायत वगैरे. मियाझाकीने परत पाठवलं. म्हणाला, किळस आणून काम भागवू नका, यात प्रतिष्ठा नाही. एवढं भव्य जनावर कधी न संपणाऱ्या ऱ्हासात अडकलंय, त्याचं दुःख दाखवता येईल का? आमच्या कॉलेजच्या सरांनी पाच वर्षांत दिलं नाही एवढं शिक्षण त्या एका शेऱ्यात आहे.

हे नुसतं बोलणं नाही. त्याच गेममध्ये सिफ नावाचा प्रचंड लांडगा आहे, तोंडात तलवार धरून मेलेल्या मालकाची कबर राखतो. त्याची शक्ती संपत आली की तो लंगडायला लागतो. वार करायला जातो आणि स्वतःच कोलमडतो. तेव्हा तुम्हाला जिंकणं सोपं झालेलं असतं आणि हात उचलत नाही.

‘डीमन्स सोल्स’मधली अस्ट्रेया तर त्याहून वाईट. विषारी दलदलीतून कसेबसे तिच्यापर्यंत पोचा, तर ती बसलेली. ती लढतच नाही. टाकलेल्या, सडलेल्या लोकांचं दुःख हलकं करायला आलेली बाई आहे ती. तिचा एक रक्षक आहे. त्याला मारलंत तर ती स्वतःच जीव देते. मी गेम जिंकले की हरले ते मला अजून कळलेलं नाही.

(दलदल प्रत्येक गेममध्ये असतेच. विषारी दलदलीवर आपलं प्रेम आहे हे त्याने मान्य केलंय. बाकी सगळं माफ, हे नाही.)

घाटमाथा

दलदलीवर +१. ‘डार्क सोल्स’मधल्या ब्लाइटटाउनच्या दलदलीत माझा एक अख्खा गणपती गेला. घरात आरती चालू आणि मी विषावर उतारा शोधतोय.

बग_नाही_फीचर

पाणपोईताई, धन्यवाद. निदान एक जण माणसासारखं बोललं.

आणखी एक. ही दिग्दर्शक-पूजा जरा आवरा. ‘डार्क सोल्स २’ मियाझाकीचा नाही, तो शिबुया आणि तानिमुरा यांचा. ‘एल्डन रिंग’लाही तानिमुरा सहदिग्दर्शक आहेत. संगीत साकुराबा, कितामुरा यांचं. शेकडो लोकांचं काम एका नावावर जमा होतं. आमच्या ऑफिसात पण असंच चालतं म्हणून जरा जास्त झोंबतं.

आणि २०१२ला ‘डार्क सोल्स’ पीसीवर आणला तेव्हा काय दिवे लावले होते ते आठवा. रिझोल्यूशन वाढत नाही, फ्रेम रेट ३०ला बांधलेला. शेवटी एका चाहत्याने स्वतः फाइल लिहून चित्र स्वच्छ केलं, तेही गेम आल्याच्या दिवशीच. पैसे कंपनीला, दुरुस्ती फुकट्या पोराची.

गवती_चहा

पीसीच्या बाबतीत पूर्ण शरणागती. ‘ब्लडबोर्न’ तर अजून पीसीवर आलेलाच नाही. त्याच्यासाठी म्हणून मी जुना पीएस४ घेतला, बायकोला ‘नेटफ्लिक्ससाठी’ सांगितलं.

श्रेयाचा मुद्दाही बरोबर. पण ‘२’ खेळून बघ. जागा सुंदर आहेत, लढाया बऱ्या आहेत, आणि एका पवनचक्कीच्या मनोऱ्यावरून लिफ्ट वर जाते ती थेट लाव्हारसातल्या लोखंडी किल्ल्यात. बाहेरून बघितलं तर वर नुसतं आभाळ! पहिल्या भागातली लिफ्ट आठव. तिथे कोणीतरी एकाने बसून, हे याच्या खाली येतं ना, असं विचारलेलं जाणवतं. तो विचारणारा माणूस म्हणजे दिग्दर्शक. बाकी काम शेकडोंचं, मान्य.

सांडगी_मिरची

तो शेवटच्या गाडीवाला पोचला का हो मग?

गवती_चहा

ताई, ते मियाझाकीलाही माहीत नाही.

बग_नाही_फीचर

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. हसू नका.

सेलमध्ये लागला म्हणून परत घेतला. दक्षिणेला गेलो, चार गुहा फिरलो. घोडा बरा आहे. वाटेत एक कासव दिसलं. खेळात हवं ते लिहिता येत नाही, ठरलेल्या शब्दांतून संदेश जुळवावा लागतो. तिथली जुनी थट्टा आहे म्हणे, कासवाला सगळे कुत्राच म्हणतात. मीही कासवाशेजारी ‘पुढे कुत्रा’ असं टाकून आलो आणि विसरलो.

काल रात्री परत मार्गिट. चौदावा प्रयत्न. त्याची शक्ती बोटभर उरलेली, माझी नखभर, औषध संपलेलं. त्याने काठी उगारली, मी थांबलो, थांबलो, लोळलो, तरी शेपटीचा फटका बसणार हे दिसत होतं. आणि अचानक माझी लाल पट्टी भरली. कशी ते कळेना. पडद्यावर खाली ओळ आली, तुमचा संदेश कोणालातरी आवडला. आवडला की लिहिणाऱ्याची शक्ती भरते, हे मला माहीतच नव्हतं.

मार्गिट गेला. रात्रीचे पावणेदोन. पोरं उठतील म्हणून ओरडलोही नाही, उशीत तोंड खुपसलं.

सोपा मोड हवाच, यावर मी ठाम आहे.

घाटमाथा

कासवाजवळचा तो संदेश मी परवा आवडला केला होता बहुतेक. पण तिथे तसे दोनशे असतात.